गप्प राहिली, म्हणजे?

कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तक्रार कशी करायची, ते या आठवड्यात सांगायचं होतं. ते पुढे ढकलतोय. नागपूरच्या नंदनवनात राहून इंजिनिअरिंग करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: गॅदरिंगच्या तालमीनंतर मैत्रीण आपणहून मित्राच्या रूमवर आली. त्याने जवळीक सुरू केल्यावर गप्प झाली. नाही म्हणाली नाही, ढकललंही नाही. मग तिची संमती होती असं का धरू नये?

या प्रश्नाचं उत्तर नंदनवनापासून फार लांब नाही, आपल्याच सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयात १९७६ साली दिलं गेलंय. मथुरा खटला म्हणून ते प्रकरण देशाला ठाऊक आहे, पण नागपूरच्या निकालाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. घरच्या तक्रारीवरून मजुरी करणारी मथुरा नावाची एक मुलगी जबाबासाठी आली होती. डॉक्टरांच्या अंदाजाने वय चौदा ते सोळा. जबाब संपले, बाकीचे बाहेर पडले, तिला थांबवून घेतलं. बाहेर भाऊ वाट बघतोय, आत दिवे मालवलेले, दार बंद. ठाण्यातल्या दोन पोलिसांवर आरोप झाला. अंगावर जखमा नव्हत्या.

१९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने संमती होती असं मानून दोघांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. ती माणसं मुलीला परकी होती, तेव्हा पुढाकार त्यांचाच असणार. आणि भीतीपोटी असहायपणे शरीर स्वाधीन करणं म्हणजे इच्छा नव्हे, असं खंडपीठाने म्हटलं. माझ्या मते आपल्या न्यायालयांनी संमतीबद्दल लिहिलेलं हे सर्वात समंजस विवेचन आहे. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. जखमा नाहीत, हात धरला तेव्हा तिने झटकला नाही, सोबतच्यांना हाक मारली नाही, ही त्याची कारणं. नंदनवनच्या प्रश्नातलं ‘ढकललंही नाही’ वाचताना मला हेच आठवलं.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला, पण तो मुख्यतः कोठडीतल्या आणि ताब्यातल्या स्त्रियांपुरता. रूमवरच्या मैत्रिणीला उत्तर मिळायला २०१३ उजाडलं. त्या वर्षी कायद्यात संमतीची व्याख्या आली. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तीच आहे: संमती स्वेच्छेची आणि निःसंदिग्ध हवी, शब्दांनी किंवा खुणेने दिलेली, आणि त्या विशिष्ट कृतीसाठीची. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही.

तेव्हा रूमवर येण्याला तिचा होकार होता, तो तेवढ्यापुरताच. ती गप्प झाल्यावर थांबायचं आणि विचारायचं. विचारल्यावरही ती गप्पच राहिली, तर तिला तिच्या हॉस्टेलवर सुखरूप पोचवून यायचं.

समितीकडे तक्रार घटनेपासून सहसा तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते, एवढं आज लक्षात ठेवा. समितीचं बाकीचं पुढच्या आठवड्यात.