दिवा लेकीच्या हाती, कुंचला वडिलांच्या

चित्र कोणतं?
एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीला आडोसा देणारा, अंगावर जांभळट साडी. एखाद्या दिवाणखान्यात हे चित्र दिसलं, तर ‘रविवर्म्याचं’ म्हणून सांगणारा कुणीतरी हमखास भेटेल. पण चित्रकार राजा रविवर्मा १९०६ सालीच गेले. ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं, सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. रविवर्म्याची चित्रंही तिथेच असल्याने घोळ वाढला.

दिवा धरणारी कोण?
ती हळदणकरांची मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर. दिवाळीत तिच्या हातातला दिवा पाहून वडिलांना चित्र सुचलं, असं त्या सांगत. मग दिवा धरून तासन्‌तास उभं राहणं आलं. चित्रात माणूस एकच दिसतो. दुसरा समोर कागद घेऊन बसलेला आहे, आणि ते बाप-लेकीचं नातं ठाऊक झालं की तिच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा वेगळा कळतो.

उजेड कसा उतरला?
हे जलरंगातलं काम आहे. पारदर्शक जलरंगात उजेडासाठी कागदाचा पांढरेपणा राखावा लागतो आणि भोवतीचा अंधार थरांनी चढवावा लागतो. एकदा चढलेला रंग सहज पुसता येत नाही. बोटांच्या फटींतून लालसर प्रकाश झिरपतो, तिथे हळदणकरांच्या हाताची खरी पारख होते.

वारसा कुणाकडे गेला?
हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत चित्रकलेची संस्था काढली. त्यांचे चिरंजीव गजानन हळदणकर हेही जलरंगांतले नावाजलेले चित्रकार. कुंचला असा मुलाकडे गेला. चित्राची हकीकत मुलीने सांभाळली. वडील १९६८ साली गेले, गीताताई २०१८ साली, वयाच्या १०२व्या वर्षी, कोल्हापुरात. मधली पन्नास वर्षं हे चित्र कुणाचं आणि त्यात कोण, हे सांगायला त्या होत्या. तरीही रविवर्म्याचं नाव पुरतं पुसलं गेलं नाही.

आपल्या घरी काय करावं?
आजोबांनी किंवा आत्याने काढलेलं एखादं चित्र भिंतीवर असेल, तर कुणी काढलं, कुणाचं काढलं आणि कोणत्या साली, एवढं चौकटीमागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावं. सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे विचारून घेता येतं.