सायलेन्सर बदलला, ट्यूनिंग करावे लागते का?

हिंगोली असो वा वसमत, बुलेटला मोकळा सायलेन्सर बसवण्याआधी एवढे समजून घ्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत धूर मोकळा सुटला, की पेट्रोलच्या तुलनेत हवा वाढते. इंजिन तापते, फटाके फुटतात. तेथे जेट बदलावा लागतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू थोडा फरक सांभाळून घेतात. फक्त मागचा डबा बदलल्यास बहुधा भागते. पूर्ण पाइप बदलल्यास ईसीयूचे मॅपिंग लागते.

मात्र ट्यूनिंग केले म्हणून आवाज कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार पहिल्याच गुन्ह्यात ३ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय लायसन्स ३ महिने अपात्र ठरते.