पाठीत उसण भरली तर

भरलेला गॅस सिलिंडर वाकून उचलला आणि त्याच झोकात कंबर वळवली, की कण्यालगतच्या स्नायूंचे काही तंतू ताणून फाटू शकतात. कळ जाते, आजूबाजूचे स्नायू आखडतात, माणूस एका अंगाला वाकतो. फाटतात ते बहुतेकदा थोडेच तंतू. अख्खा स्नायू तुटणे विरळाच. एक्स-रेत ही इजा दिसत नाही, तेव्हा त्याची घाई नको.

पहिले 2 दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटे लावावा, नंतर शेक. पाठ तुडवून घ्यायचा घरगुती उपाय या दिवसांत नकोच. आतला रक्तस्राव वाढू शकतो. आठवडाभर अंथरूण धरणेही तितकेच चूक. स्नायू दुबळे होतात, दुखणे लांबते. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालावे, उठताना आधी कुशीवर वळून हाताचा आधार घ्यावा. बहुतेकांची पाठ काही आठवड्यांत मोकळी होते. जड उचलणे मात्र सगळ्यात शेवटी.

पाय बधिर होणे, त्यातली ताकद जाणे, ताप, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांतले काहीही दिसले तर लगेच डॉक्टर गाठा.