बुडत्या नावेतली माणसं

युरोपातल्या जुन्या चित्रांत समुद्र पुष्कळ सापडतो, पण बराच काळ तो देवांसाठी अंथरलेल्या सतरंजीपलीकडे काही नव्हता. बोत्तिचेल्लीचं ‘व्हीनसचा जन्म’ (साधारण 1485) पाहा. शिंपल्यात उभी राहिलेली देवी, तिच्यावर उधळलेले गुलाब, फुंकर घालणारा वायुदेव, आणि खाली समुद्र म्हणून नुसत्या बारीक तुटक रेघा. त्या पाण्यात कोणी बुडणार नाही. हेसिअड या ग्रीक कवीने सांगितलेली मूळ कथा मात्र अजिबात गोजिरी नाही. क्रोनोसने आपल्या बापाचं, म्हणजे आकाशदेव युरेनसचं, लिंग विळ्याने कापून समुद्रात भिरकावलं. त्याभोवती जमलेल्या फेसातून ही देवी वर आली. बोत्तिचेल्लीने रक्त पुसून टाकलं, फेसही जवळजवळ पुसला. फ्लॉरेन्समधल्या श्रीमंतांच्या घरात लावायच्या चित्रात ते चाललंही नसतं म्हणा.

इथपासून 1840पर्यंतच्या साडेतीनशे वर्षांचा मागोवा घ्यायचा तर समुद्र कसा रंगवला यापेक्षा पाण्यात किंवा नावेत कोण आहे, हे बघत जाणं जास्त फळतं. आधी देव, मग संत, मग एखादा पैसेवाला, आणि शेवटी अशी माणसं, ज्यांना जहाजाच्या हिशेबात माल म्हणून धरलं होतं. प्रवासी बदलत गेले, तरी त्यांचे हात वर होण्याची, मान मागे पडण्याची रीत बदलली नाही. चित्रकारांनी देवळातले साचे उचलले आणि त्यांत साधी माणसं ओतली.

या प्रवासात मध्येच एक खट्याळ चित्र येतं. ब्रसेल्सच्या संग्रहालयात ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराच्या नावावर ‘इकारसच्या पतनाचं निसर्गदृश्य’ आहे. मूळ चित्र हरवलं असून ही त्याची जुनी नक्कल असावी असं आता बरेच अभ्यासक मानतात. मूळ कल्पना साधारण 1560च्या सुमाराची. मेणाने चिकटवलेले पंख लावून सूर्याजवळ गेलेला इकारस समुद्रात पडतो, ही कथा ओविड या रोमन कवीने सांगितली आहे. त्याच्या कथेत नांगरणारा शेतकरी, मेंढपाळ आणि मासे पकडणारा असे तिघे वर बघून थक्क होतात. हे उडणारे नक्कीच देव असणार, असं त्यांना वाटतं. ब्रॉयगेलने तिघांनाही घेतलं आणि त्यांचं थक्क होणं काढून टाकलं. शेतकरी खाली मान घालून नांगरतोय. मेंढपाळ वर बघतोय, पण भलत्याच दिशेला. इकारस कुठे आहे हे शोधावं लागतं: उजवीकडे खाली, पाण्याबाहेर राहिलेले दोन पाय, बस्स. शेजारून जाणाऱ्या जहाजाची शिडं फुगलेली आहेत आणि ते थांबण्याच्या बेतात मुळीच नाही. पुराणकथेचा नायक चित्राच्या कोपऱ्यात गेला आणि मधली जागा रोजच्या कामाला मिळाली. ती जागा पुढे कोणी परत देवांच्या हवाली केली नाही, असं मात्र नाही; देव बराच काळ येत-जात राहिले.

1633 साली ॲम्स्टरडॅममध्ये सत्तावीस वर्षांच्या रेम्ब्रांटने ‘गॅलिलीच्या समुद्रातलं वादळ’ रंगवलं. त्याचं हे एकमेव समुद्रचित्र. (गॅलिलीचा समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचं सरोवर, पण तिथे वारा अंगावर आला की कोळ्यांना तो समुद्रच.) बायबलमधली गोष्ट सरळ आहे: येशू नावेत झोपलेला, वादळ येतं, शिष्य घाबरून त्याला उठवतात, तो वाऱ्याला दटावतो आणि पाणी निवतं. शिकवण द्यायची तर निवलेलं पाणी रंगवायचं. रेम्ब्रांटने त्याच्या आधीचा क्षण धरला. नाव लाटेवर तिरकी उभी राहिली आहे, शीड फाटलंय, एक दोर तुटून हवेत फडफडतोय. पुढचे शिष्य शिडाशी झटताहेत, मागचे येशूभोवती गोळा झालेत, आणि एकजण कठड्यावरून वाकून ओकतोय. प्रेषिताला बोट लागते, हे सांगायला धीर लागतो. नावेतली डोकी मोजली तर येशू आणि बारा शिष्य धरून तेरा भरायला हवीत, भरतात चौदा. चौदावा एका हाताने दोर आणि दुसऱ्याने टोपी धरून थेट आपल्याकडे बघतो, आणि त्याचा चेहरा रेम्ब्रांटचा आहे असं मानलं जातं. धर्मकथेच्या नावेत न बोलावलेला एक सामान्य माणूस चढून बसला, त्याची ही नोंद.

हे चित्र आज पाहता येत नाही. 18 मार्च 1990च्या पहाटे पोलिसांच्या वेशातले दोघे बॉस्टनच्या इसाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयात शिरले, पहारेकऱ्यांना बांधलं आणि तेरा वस्तू घेऊन गेले. रेम्ब्रांटचा कॅनव्हास त्यांनी चौकटीतून कापून काढला. एक कोटी डॉलरचं इनाम लावूनही तो सापडलेला नाही.

डच लोकांचं पोटच समुद्रावर, त्यामुळे त्यांच्याकडे देवांवाचून समुद्र रंगवणारे लवकर तयार झाले. थोरला विलेम फान दे फेल्दे तर लढाई चालू असताना छोट्या होडीतून जाऊन जहाजांची रेखाटनं करायचा. 1672च्या युद्धाच्या धामधुमीनंतर तो मुलाला घेऊन इंग्लंडला गेला. दुसऱ्या चार्ल्सने दोघांनाही वर्षाला शंभर शंभर पौंड लावून दिले, बापाला रेखाटण्याचे आणि मुलाला रंग भरण्याचे. ज्या आरमाराशी मायदेश लढत होता त्याच आरमाराच्या राजाची ही चाकरी. पोटापुढे देशभक्ती किती टिकते, याची चर्चा तेव्हाही झाली असेल.

खरी उडी 1778ची. त्या वर्षी लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत जॉन सिंगलटन कोप्ली या अमेरिकेतून आलेल्या चित्रकाराने ‘वॉटसन आणि शार्क’ मांडलं. ब्रूक वॉटसन हा अनाथ पोऱ्या, जहाजावर नोकरीला. 1749 साली, चौदा वर्षांचा असताना, हवानाच्या बंदरात पोहत होता. शार्कने त्याच्यावर झडप घातली आणि सोबत्यांनी त्याला ओढून काढेपर्यंत उजवं पाऊल गेलं; पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लाकडी पाय लावून हाच पोरगा पुढे व्यापारी झाला आणि 1796मध्ये लंडनचा लॉर्ड मेयरही.

कोप्लीने हवाना पाहिलेलं नव्हतं, आणि शार्कही पाहिला नसावा, कारण चित्रातल्या शार्कला चक्क ओठ आहेत. मग त्याने आधार कशाचा घेतला? देवळांचा आणि जुन्या पुतळ्यांचा. भाला रोखून उभा असलेला माणूस म्हणजे सैतानाला भोसकणारा देवदूत मायकेल. पाण्यात उताणा पडलेला नागडा मुलगा ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या घडणीचा. आणि होडीत सगळ्यांच्या वर, त्रिकोणाच्या टोकावर, हातात दोर घेतलेला एक काळा खलाशी. धार्मिक चित्रात ती जागा संताची. एका पोऱ्याच्या अपघाताला इतकी मोठी मांडणी देणं तेव्हाच्या रिवाजात बसणारं नव्हतं. इतिहासचित्र म्हणजे राजे, लढाया, बायबल आणि पुराण. लोकांनी गर्दी केली. आपल्या यशाची जाहिरात म्हणून वॉटसननेच हे चित्र काढून घेतलं असावं असा तर्क आहे, आणि तो मला पटतो. म्हणूनच मी वर ‘पैसेवाला’ म्हटलं.

ज्यांच्याकडे चित्रकाराला द्यायला दमडी नव्हती, त्यांची पाळी यायला आणखी चाळीस वर्षं लागली. 2 जुलै 1816 रोजी ‘मेड्युसा’ हे फ्रेंच लढाऊ जहाज पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत आर्गेंच्या वाळूत रुतलं. जहाजावर चारशेच्या आसपास माणसं होती. इंग्रजांकडून परत मिळालेल्या सेनेगलचा ताबा घ्यायला ती निघाली होती. कप्तान शोमारे राजनिष्ठ म्हणून नेमलेला. वीस वर्षांहून जास्त काळ त्याने जहाज हाकलं नव्हतं. वशिल्याचं तट्टू, असाच प्रकार. होड्या सगळ्यांना पुरणार नव्हत्या, म्हणून डोलकाठ्या आणि फळ्या बांधून सुमारे वीस मीटर लांब, सात मीटर रुंद तराफा केला आणि त्यावर 147 जणांना चढवलं. होड्यांनी तो ओढत न्यायचा, असं ठरलं. थोड्याच अंतरावर दोर सोडून दिले गेले. होड्यांतले साहेब किनाऱ्याकडे निघून गेले.

तेरा दिवस. पहिल्याच दिवशी बिस्किटं संपली. उरली ती दारूची पिंपं. रात्री मारामाऱ्या, कापाकापी, मग मेलेल्यांचं मांस, मग अशक्त झालेल्यांना समुद्रात लोटणं. 17 जुलैला ‘आर्गुस’ जहाजाला तराफा दिसला तेव्हा पंधरा जण उरले होते, आणि त्यातले पाच लवकरच गेले. वाचलेल्यांपैकी साविन्यी हा शस्त्रवैद्य आणि कोरेआर हा इंजिनियर यांनी 1817मध्ये पुस्तक लिहून सरकारला उघडं पाडलं. कप्तानाला तीन वर्षांची कैद झाली.

तेओदोर जेरिको या तरुणाने हे पुस्तक वाचलं आणि पछाडल्यासारखा कामाला लागला. कोरेआर आणि साविन्यीला गाठून विचारपूस केली. तराफ्यावरच्या सुताराकडून तराफ्याचा नमुना करवून घेतला. जवळच्या बोजाँ इस्पितळात जाऊन मरणाऱ्यांचे चेहरे पाहिले, कापलेले अवयव आणून त्यांवरून अभ्यासचित्रं केली. लोकांत जाणं बंद व्हावं म्हणून डोकं भादरलं. जवळपास पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद असा तो कॅनव्हास 1819च्या प्रदर्शनात ‘जहाजबुडीचं दृश्य’ अशा बिननावाच्या नावाने लागला. कोणतं जहाज, हे पॅरिसमध्ये कोणाला सांगावं लागलं नाही. तेव्हा रेम्ब्रांटसारखा जेरिकोही सत्तावीस वर्षांचाच होता.

एवढी खरीखुरी माहिती जमवून त्याने अखेर रंगवलं ते वेगळंच. तेरा दिवसांचे उपाशी लोक असे पिळदार नसतात. मायकेलअँजेलोच्या दंडा-मांड्या आहेत त्या. डावीकडे मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा सरळ येशूचं शव मांडीवर घेतलेल्या मरियमच्या जागी बसलाय, आणि तो ‘आर्गुस’कडे पाठ करून आहे. सगळ्यांत वर, पिंपावर चढून फडकं हलवणारा काळा माणूस. त्यासाठी हैतीहून आलेला जोसेफ हा मॉडेल बसला होता. ‘आर्गुस’ म्हणजे क्षितिजावरचा ठिपका, मुद्दाम शोधावा लागतो. खाली पालथा पडलेला तरुण म्हणजे जेरिकोचा मित्र देलाक्रवा, पुढचा मोठा चित्रकार. टीकाकार राजकारणावरून भांडले. 1820मध्ये चित्र लंडनला गेलं तेव्हा सुमारे चाळीस हजार लोकांनी तिकीट काढून पाहिलं. 1824च्या जानेवारीत, बत्तिसाव्या वर्षी, जेरिको वारला, आणि त्यानंतर लूव्हरने ते घेतलं.

17 जुलै ही तारीख मराठी माणसाला वेगळ्या कारणाने ठाऊक असते. 1947 साली त्याच तारखेला, गटारी अमावास्येला घरी निघालेल्यांनी भरलेली ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांना आपल्याकडे जेरिको भेटला नाही.

टर्नर या इंग्रज चित्रकाराकडे आलं की आख्यायिकांपासून सावध राहावं लागतं. 1842च्या ‘हिमवादळ’ या चित्रासाठी आपण सदुसष्टाव्या वर्षी चार तास डोलकाठीला बांधून घेतलं, असं तो म्हणाल्याचं सांगतात. हीच गोष्ट फ्रान्सचा जोझेफ व्हर्ने याच्याबद्दल आधीपासून चालत होती; त्याच्या नातवाने 1822मध्ये तिचं चित्रही केलं होतं. आणि दोघांच्याही आधी डोलकाठीला बांधून घेतलं होतं ते होमरच्या ओडिसियसने, सायरनचं गाणं ऐकायला. देव नावेतून उतरले तर चित्रकार पुराणात चढले.

पण त्याच टर्नरने 1840मध्ये मांडलेल्या ‘गुलामांचं जहाज’ या चित्रामागची गोष्ट कागदोपत्री आहे. 1781 साली ‘झोंग’ या इंग्रज जहाजावरून सव्वाशेहून अधिक जिवंत आफ्रिकी कैद्यांना समुद्रात फेकण्यात आलं. कैदी आजाराने मेला तर विमा मिळत नसे. जहाज वाचवायला माल टाकावा लागला तर मिळे. डोईमागे तीस पौंडांचा दावा लागला आणि 1783मध्ये पहिल्या ज्यूरीने तो मालकांच्या बाजूने दिला. वरच्या कोर्टाने फेरसुनावणीचा हुकूम केला, पण खुनाचा खटला कोणावरच झाला नाही. टर्नरला यावर रंगवावंसं वाटलं ते साठ वर्षांनी, तेही ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपल्यावर. आणि 1805मध्ये त्यानेच जमैकातल्या, गुलामांच्या कष्टावर चालणाऱ्या एका मळ्याच्या योजनेत शंभर पौंड गुंतवले होते. यावरून त्याला ढोंगी ठरवण्याची घाई मी करणार नाही. चित्र त्या शंभर पौंडांहून मोठं आहे, पण पौंड झाकून ते पाहू नये.

चित्राचा पहिला मालक इंग्रज कलासमीक्षक रस्किन. वडिलांनी त्याला ते 1844च्या नववर्षाला भेट दिलं होतं. त्याने या समुद्राच्या रंगावर पानभर स्तुती लिहिली आणि फेकलेल्या माणसांचा उल्लेख तळटीपेत केला. पुढे हे चित्र घरात बघवेना, म्हणून विकूनही टाकलं.

आता ते बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. मुलांकडे तिकडे जाणाऱ्या आईबाबांनी एक दुपार त्यासाठी राखून ठेवावी. चित्र मोठं नाही, जेमतेम तीन फूट बाय चार फूट, आणि लांबून नुसता लाल-पिवळा सूर्यास्त दिसतो. जवळ जा आणि उजवीकडचा खालचा भाग पाहा. ब्रॉयगेलच्या इकारसचे पाय होते तिथेच इथेही पाण्याबाहेर राहिलेला एक पाय आहे, आणि त्यात बेडी आहे.