वातानुकूलन यंत्राचे अभ्यंगस्नान

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरातील एकही वस्तू जागेवर राहत नाही. माळ्यावरचे डबे खाली येतात, पडदे बादलीत पडतात, पितळेची भांडी चिंचेने घासून निघतात, पंख्याच्या पात्यांवरून ओले फडके फिरते. या धांदलीत एकच मानकरी भिंतीवर निश्चल बसलेला असतो. त्याला कोणी हात लावीत नाही. एक तर तो महागाचा, आणि दुसरे म्हणजे ‘आपल्याला त्यातलं काय कळतं?’ हा मध्यमवर्गीय धाक! हा मानकरी म्हणजे आमचे दीड टनाचे वातानुकूलन यंत्र. घरगुती भाषेत ‘एसी’.

माझाही हा धाक एका वैशाखापर्यंत कायम होता. त्या महिन्यात आमचा एसी रुसला. रात्रभर चालूनही खोली गार होईना. उलट पहाटे त्यातून पाणी टपकून आईच्या उशीवर पडू लागले. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, त्यात दमा. डोंबिवलीच्या उकाड्यात तिला झोप लागत नाही, म्हणून तर हा एसी हप्त्याने घेतलेला. झाकण उघडून पाहिले, तर आत नळ्यांवर चक्क बर्फ! कारागीर आला आणि खालूनच मान वर करून म्हणाला, “गॅस संपलाय साहेब. तीन हजार होतील. उद्या येतो.”

महिन्याची वीस तारीख. तीन हजार कुठून काढायचे याची आमची कुजबुज चालली होती, तेवढ्यात आई पलंगावरून म्हणाली, “अरे, चाळण बुजली की पीठ खाली पडत नाही. याला काही चाळणबिळण असेल की नाही? ती शेवटची कधी धुतलीस?”

चाळण होती. एक नव्हे, दोन होत्या. दोन वर्षांत त्यांना कोणी हात लावला नव्हता. धुळीचा असा जाड थर जमला होता की तो सोलताना गोधडीचा तुकडा निघावा तसा निघाला. जाळ्या धुतल्या, वाळवल्या, बसवल्या. दुसऱ्या रात्री बर्फ नाही, गळती नाही, आणि मध्यरात्री आई पांघरूण मागू लागली! सकाळी कारागिराला फोन करून ‘तूर्त नको’ म्हणून कळवले.

हे घडले कसे? एसी बाहेरून थंड हवा आणतो, असा पुष्कळांचा समज असतो. खरे म्हणजे तो खोलीतलीच हवा ओढतो, जाळीतून गाळतो, थंड नळ्यांवरून फिरवतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. नळ्यांतला वायू खोलीतील उष्णता उचलून बाहेरच्या पेटीत नेऊन टाकतो. जाळी बुजली की नळ्यांना पुरेशी हवा मिळत नाही. मग त्या अतोनात थंड होतात, हवेतले बाष्प त्यांच्यावर गोठते, आणि यंत्र बंद केले की तोच बर्फ वितळून उशीवर येतो. हवेतले बाष्प काढणे हे तर या यंत्राचे मूळ काम. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी अशा यंत्राची योजना आखली. दमट हवेने कागद फुगे आणि रंग जागच्या जागी बसत नसत, ही तेथील अडचण होती. माणसांना सुखाची झोप लागावी हा विचार मागाहूनचा!

गॅसबद्दलही एक गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक असावी. हा गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो वर्षानुवर्षे फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. तेव्हा आधी गळती शोधून बुजवायला सांगावी, मगच गॅस भरून घ्यावा. नाहीतर ते फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. गॅस कमी झाला तरी नळ्यांवर बर्फ धरतो, त्यामुळे कारागीर लबाडच होता असे मी म्हणणार नाही. पण फुकटचा उपाय आधी करून पाहावा, एवढेच.

आधी वीज, मग पाणी

आता प्रत्यक्ष स्नानाकडे वळू. नुसते रिमोटने बंद करणे पुरेसे नाही. एसीचा भिंतीवरचा मुख्य खटकाही खाली करावा. पक्क्या स्टुलावर उभे राहून पुढचे झाकण हलक्या हाताने वर उचलावे आणि जाळ्या सरकवून काढाव्यात. सुकी धूळ आधी मऊ ब्रशने झाडावी. मग जाळी उलटी धरून मागच्या बाजूने नळाची बारीक धार सोडावी. म्हणजे धूळ आली त्याच वाटेने परत जाते. चिकटपणा असल्यास कोमट पाण्यात थोडा साबण. कढत पाणी आणि कडक ऊन दोन्ही वर्ज्य, कारण प्लॅस्टिकची चौकट वाकडी होते. सावलीत पूर्ण वाळल्यावरच जाळी बसवावी; ओली बसवली तर बुरशीचा कुबट वास खोलीभर फिरतो.

जाळीमागे ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांची ओळ दिसेल. ही पाती नखानेही वाकतात आणि बोटही कापतात. तेव्हा कोरडा मऊ ब्रश पात्यांच्या दिशेनेच, वरून खाली फिरवावा. आडवा कधीही नाही. आत पाण्याचा फवारा मारू नये, कारण तेथेच विजेची नाजूक जोडणी असते. बाहेरचे अंग ओलसर फडक्याने पुसावे. शेवटी पाणी जाण्याची नळी पाहावी. तिचे तोंड शेवाळाने बुजले असेल किंवा बादलीतल्या पाण्यात बुडाले असेल तर मोकळे करावे. एवढ्याने गळती थांबली नाही, तर मात्र जाणकाराला बोलवावे.

उन्हाळ्यात जाळी पंधरा दिवसांनी धुवावी. घर रस्त्यालगत असेल किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर आठवड्याने. विजेची बचत हवी असेल तर आकडाही बेताचा ठेवावा. २०२० सालापासून आपल्याकडे तारांकित नवे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा अंदाज आहे.

माझा मूर्खपणा

येथेच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण जाळीच्या यशाने मला चढले. पुढच्या रविवारी बाहेरची पेटीही धुवावी म्हणून मी खिडकीतून सज्ज्यावर पाय टाकला. घर तिसऱ्या मजल्यावर, सज्जा वीतभर रुंद आणि त्यावर कबुतरांची कृपा. पाय सर्रकन घसरला. सौभाग्यवतीने मागून सदरा धरला म्हणून हा लेख लिहायला मी शिल्लक आहे. मला आत ओढून ती खाली बसली आणि थरथरत्या आवाजात एवढेच म्हणाली, “अहो, एसी दुसरा मिळेल.”

त्या दिवसापासून मी हद्द आखून घेतली आहे. जमिनीवर किंवा स्टुलावर उभे राहून होते ते काम आपले. बाहेरची पेटी गॅलरीत हाताशी असेल, तर वीज बंद करून भोवतीचा पाला, काड्या आणि घरटी काढावीत, पण तिचे झाकण उघडू नये. आतला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो. गॅसचे कामही कारागिराचेच. हल्ली पुष्कळ यंत्रांत असणारा आर-३२ हा गॅस काही प्रमाणात ज्वलनशील आहे. आणि कारागीर सज्ज्यावर उतरणार असेल, तर त्याने सुरक्षा-पट्टा बांधला आहे ना, हे आवर्जून पाहावे. त्याचीही कोणीतरी घरी वाट पाहत असते.

आता आमच्याकडे ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की दिवाळीच्या सफाईत एसीचाही नंबर लागतो. स्नान उरकून अर्धा तास नुसता पंखा चालवायचा, म्हणजे आतली ओल सुकते. मग रिमोटमधील सेल काढून ठेवायचे आणि यंत्राला थंडीपुरती विश्रांती द्यायची. यंदा मी जाळ्या न्हाणीघरात नेऊ लागलो, तेव्हा आई चकलीचा सोऱ्या पुसत म्हणाली, “पाणी पुरे हो त्याला. उटणं नको लावूस!”