मानेतले दोन मणके आणि परळची पद्धत

मान डावी-उजवीकडे जेवढी वळते, त्यातलं जवळपास निम्मं वळणं पहिल्या दोन मणक्यांमध्ये होतं. जन्मजात दोष, संधिवात, क्षय किंवा अपघात यांमुळे त्यांचा सांधा ढिला झाला, की मधला मज्जारज्जू चेंगरतो. बोटं बधिर होतात, सदऱ्याचं बटण लागेनासं होतं, चाल अडखळते.

१९१० मध्ये अमेरिकेत मिक्स्टर आणि ऑसगुड यांनी हे मणके चक्क रेशमी दोऱ्यानं बांधले. पुढे तारा आल्या. पण तारेनं मानेचं वळणं पुरतं थांबत नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून निराळी वाट धरली. दोन्ही मणक्यांच्या जाड भागांत थेट स्क्रू बसवायचे आणि ते पट्टीनं जोडायचे.

वाचायला सोपं आहे! तिथे शिरांचं जाळं असतं, हात लावताच रक्त भळाभळा येतं. मेंदूकडे जाणारी धमनी शेजारूनच वळसा घेते. मज्जातंतूची एक गाठ कापून सांधा उघडायचा, आतली कूर्चा खरवडायची, हाडाचे तुकडे भरायचे. ते हाड जुळेपर्यंतच स्क्रूचा आधार. गाठ कापल्यामुळे डोक्याची मागची बाजू बधिर होते, तेवढं सोसावं लागतं.

गोयल यांनी सहलेखक डॉ. लहेरी यांच्यासह हे तंत्र १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं. २००२ मध्ये १६० रुग्णांचा अहवाल आला. हा एकाच गटाचा हिशेब. तुलनेला दुसरा गट नाही. पण २००१ मध्येच जर्मनीत हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी सळई वापरून ३७ रुग्णांचे चांगले निकाल मांडले होते. परक्या हातांनाही जमलं, म्हणून आज जगभर ‘गोयल-हार्म्स’ हे नाव रुळलं आहे.

गोयल यांचा पुढचा दावा मात्र वादात आहे. कियारी विकृतीत लहान मेंदूचा खालचा भाग मानेत उतरतो. त्याचं मूळही याच सांध्याच्या ढिलेपणात असल्याचं ते मानतात. त्यासाठी २०१५ मध्ये त्यांनी ६५ रुग्ण मांडले. अनेक न्यूरोसर्जनना हे पटलेलं नाही, आणि तुलनात्मक चाचणीशिवाय ते पटूही नये.

परळात असा की आणखी कुठे, मानेचा एमआरआय घेऊन सर्जनसमोर बसलात तर दोन गोष्टी विचारा: अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्यात, आणि वर्षभरानंतर ते रुग्ण कसे आहेत?