खिळ्यावाचून उभे राहिलेले मंदिर

निपाणीकडील एखाद्या जुन्या वाड्यात पाऊल ठेविले की तेथील लाकडी खांब व तुळया पाहून मन प्रसन्न होते. आज आम्ही वाचकांना दूरदेशीच्या एका लाकडी ख्रिस्तमंदिराची हकीकत सांगणार आहोत. ते आपल्या पंथाचे नव्हे, लुथरपंथी बांधवांचे आहे. किंबहुना म्हणूनच ती आपण ऐकावी.

स्लोव्हाकिया देशात ह्रोन नदीच्या काठी ह्रोन्सेक नावाचे खेडे आहे. तेथील मंदिराचे काम १७२५ साली सुरू झाले व १७२६ साली पुरेही झाले. एवढी त्वरा कशासाठी? तर तसा निर्बंधच होता. तो मुलूख त्या काळी हंगेरीच्या राज्यात मोडत असे. कॅथलिक राजा पहिला लिओपोल्ड याच्या कारकिर्दीत, १६८१ साली, शोप्रोन येथे राज्यसभा भरली. तिने लुथरपंथीयांना ठराविक जिल्ह्यांत प्रत्येकी दोनच मंदिरे बांधण्याची मुभा दिली. तीही कशी? गावाबाहेर, लाकडाची, मनोऱ्यावाचून आणि वर्षाच्या आत! लोखंडी खिळाही वर्ज्य होता, असे सांगतात. पुढे राजा गेला, पण कायदा राहिला.

हे वाचताना आम्हां कॅथलिकांची मान खाली जाते. दगड नाकारला म्हणजे मंदिर फार काळ टिकणार नाही, असाच तो हिशेब असावा. परंतु सुतारांनी लाकडात लाकूड गुंतवून क्रुसाच्या आकाराचे असे मंदिर उभारले की त्यात सुमारे १,१०० माणसे बसू शकतात. बाके पायऱ्यांसारखी चढत गेलेली आहेत. घंटाघर तेवढे वेगळे उभे आहे; मनोरा जोडण्याची मनाई ना!

२००८ साली युनेस्कोने त्या देशातील आठ लाकडी मंदिरांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांत ह्रोन्सेकसह तीन लुथरपंथीयांची, तीन पूर्वेकडील विधी पाळणाऱ्यांची व दोन आपली कॅथलिकांची आहेत.

छळ एकाच बाजूने झाला असे मात्र कोणी समजू नये. १६१९ साली कोशित्से शहरी प्रॉटेस्टंट सैनिकांनी तीन कॅथलिक धर्मगुरूंना ठार मारिले. १६८७ साली प्रेशोव्ह येथे बादशाही सेनापतीने चोवीस प्रॉटेस्टंट नागरिकांना देहान्त शिक्षा दिली. १९९५ च्या जुलैत परमगुरूस्वामी दुसरे जॉन पॉल त्या देशी गेले. कोशित्सेत त्यांनी त्या तीन धर्मगुरूंना संतपद जाहीर केले आणि त्याच दौऱ्यात प्रेशोव्हला जाऊन त्या चोविसांच्या स्मारकापाशी उभे राहून प्रार्थना केली.